पडद्याची डावी बाजू

मौन सुरू झालं तसे सगळे माना खाली घालून उभे राहिले, आणि खांबरावांची नजर जिथे जायला नको होती नेमकी तिथेच गेली. शेजारच्या खुर्चीवर. खुर्ची रिकामी होती. तिच्या हातावरचं रेक्झिन एका ठिकाणी उसवलं होतं आणि त्यातून स्पंज डोकावत होता. आपण गेलेल्या मित्राच्या खुर्चीतला स्पंज न्याहाळतोय हे ध्यानात येताच खांबरावांनी डोळे मिटून घेतले. मग वाटलं, मिटलेले डोळे जास्तच खोटे दिसतील. म्हणून परत उघडले. खुर्ची होती तिथेच होती.

मौन संपलं. अध्यक्षांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "चला, सरका."

राष्ट्रीय चित्रपट समीक्षक संघाची ही जुनी रीत. संघाचं स्वतःचं छोटं थिएटर होतं, एका विमा कंपनीच्या इमारतीच्या तळघरात. खुर्च्या जमिनीला बोल्टांनी आवळलेल्या आणि सभासदांना तहहयात दिलेल्या. कोणी सभासद गेला की त्याच्या रांगेत त्याच्यापेक्षा कडेला बसणाऱ्यांनी मध्याच्या दिशेने एकेक खुर्ची सरकायचं. संघाच्या घटनेत याला 'मध्यगमन' म्हटलं होतं. सभासद नुसतं 'सरकणं' म्हणत. शोकसभा आणि सरकणं एकदमच उरकून घेत, कारण समीक्षकांना दोनदा बोलावलं तर दुसऱ्यांदा कोणी येत नसे. या खेपेस तर संध्याकाळी वार्षिक पुरस्कारांचा समारंभच होता, त्यामुळे मंडळी जेवायला तशीही येणार होती. साप्ताहिकने, म्हणजे खांबरावांच्या गेलेल्या शेजाऱ्याने, मरायला दिवस सोयीचा निवडला, असं दोघातिघांनी हळहळत बोलूनही दाखवलं.

खांबरावांचं पाळण्यातलं नाव वेगळं होतं. दैनिकातल्या त्यांच्या सदराखाली ते छापूनही यायचं. पण तरुणपणी त्यांना तिसऱ्या रांगेच्या डाव्या टोकाची खुर्ची मिळाली, आणि त्या खुर्चीच्या पुढ्यात तळघराचा एक जाडजूड खांब होता. वरची अख्खी विमा कंपनी त्या खांबावर उभी होती, त्यामुळे तक्रार करून काही उपयोग नव्हता. पडद्याची डावी बाजू खांब गिळून टाकायचा. मान वाकडी केली तर दोन बोटं पडदा जास्त दिसायचा, आणि पुढे आठवडाभर फक्त स्वतःचा खांदा दिसायचा. एखादा सभासद गेला की आपण सरकू, या आशेवर खांबरावांनी जवानी काढली. पहिल्या रांगेत माणसं पटापट गेली. चौथी रांग एका हिवाळ्यात निम्मी झाली. तिसऱ्या रांगेने मात्र अमरपट्टा बांधून घेतला होता. तब्येतीने खचलेले सभासद तिसऱ्या रांगेत जागा मागू लागले, इतकी तिची ख्याती झाली.

मग हा माणूस तिकीट काढून दुसरीकडे सिनेमा का बघत नव्हता, असं कोणालाही वाटेल. पण समीक्षकाने तिकीट काढणं म्हणजे न्हाव्याने दुसऱ्याच्या दुकानात बसून दाढी करून घेणं. शिवाय संघाच्या खुर्चीवरून पाहिलेला सिनेमाच मताला धरला जाईल, असा नियम होता. नियम मोडण्याइतके खांबराव शूर नव्हते. ते फक्त लिहिण्यात शूर होते.

त्यांना तारलं ते साप्ताहिकने. हा शेजारी एका साप्ताहिकात लिहायचा म्हणून त्याला सगळे साप्ताहिक म्हणत. पुढे साप्ताहिक बंद पडलं, हा चालू राहिला. पहिल्याच सिनेमात त्याने खांबरावांची चुळबुळ पाहिली आणि तोंड न हलवता म्हणाला, "डावीकडे मुलगी उभी आहे. रडतेय." थोड्या वेळाने म्हणाला, "चांगली रडतेय." तिथून जे सुरू झालं ते साप्ताहिक जाईपर्यंत. पडद्याचा मोठा भाग खांबराव डोळ्यांनी बघायचे आणि उरलेला कानांनी. साप्ताहिक शब्द मोजून वापरायचा. एकदा तो "डावीकडे घोडा" एवढंच म्हणाला. खांबरावांनी विचारलं, कशाला? साप्ताहिक म्हणाला, "ते दिग्दर्शकाला विचार. मी फक्त घोडा सांगतो."

गंमत अशी की, यातूनच खांबरावांचं नाव झालं. बाकीचे समीक्षक पडद्याच्या मधोमध काय चाललंय ते लिहायचे, कारण झोपेतून दचकून उठल्यावर नजर मधोमधच जाते. खांबराव कडेचं लिहायचे, कारण कडेचं तेवढं त्यांना कोणीतरी शब्दांत सांगितलेलं असायचं. कडेचं बघणारा समीक्षक, असं लोक म्हणू लागले. खांबरावांनी खुलासा केला नाही. स्तुती चालू असताना खुलासा करणारा माणूस समीक्षक होत नाही.

आणि गेल्या वर्षीच्या त्या सिनेमाने तर कळस केला. खाटेवर पडून राहिलेला एक म्हातारा, आणि जागचा न हलणारा कॅमेरा. एवढाच सिनेमा. म्हातारा मरतही नव्हता आणि बराही होत नव्हता. थिएटरात घोरण्याचे निरनिराळे पोत ऐकू येत होते. अशात साप्ताहिक म्हणाला, "डावीकडे बाई उभी आहे."

"कोण?"

"माहीत नाही. हातात पाण्याचा पेला आहे. देत नाही, खाली ठेवत नाही. नुसती उभी आहे."

बऱ्याच वेळाने खांबरावांनी विचारलं, आहे अजून? साप्ताहिक म्हणाला, आहे. सिनेमा संपेपर्यंत ते विचारत राहिले आणि ती होतीच. घरी जाऊन त्यांनी एका बैठकीत परीक्षण लिहिलं. म्हाताऱ्याबद्दल त्यात एक ओळ होती आणि बाकी सगळी ती बाई होती. दैनिकात ते छापून आलं त्या दिवशी संघात धावपळ उडाली. बाई कोणालाच दिसली नव्हती, आणि तसं म्हणायची कोणाची छाती नव्हती. पाठोपाठ सगळ्यांनी री ओढली. एकाने तिच्या मौनावर लेख लिहिला. दुसऱ्याने पेल्यातलं पाणी शेवटी कमी झालेलं आहे, हे सूक्ष्म निरीक्षण नोंदवलं. एका नटीने मुलाखतीत सांगून टाकलं की ती भूमिका आपलीच, मेकअपमुळे ओळखू आले नसेन. सिनेमाला संघाचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला आणि त्यानंतर तो बघायला कोणी गेलं नाही, कारण पुरस्कार मिळालेला सिनेमा बघायला कोण जातं.

त्याच परीक्षणासाठी यंदाचा 'दृष्टी सन्मान' खांबरावांना जाहीर झाला होता. आयुष्यातला त्यांचा पहिलाच सन्मान. संध्याकाळी त्यांना मंचावर चढायचं होतं आणि दोन शब्द बोलायचे होते.

तर, सरका म्हटल्यावर खांबराव सरकले. एक पाऊल उजवीकडे टाकून साप्ताहिकच्या खुर्चीत बसले. बूड टेकताच ती कुरकुरली. पुढ्यात पाहिलं तर पडदा होता. नुसता पांढरा, रिकामा पडदा, पण या काठापासून त्या काठापर्यंत. केवढा मोठा होता तो. त्यांना भरून आलं, आणि बाजूच्या मंडळींना वाटलं की मित्राच्या आठवणीने.

समारंभाच्या दिवशी सकाळी गेल्या वर्षीचा विजेता सिनेमा परत दाखवायचा, अशीही संघाची रीत होती. तिला उजळणी म्हणत. दिवे गेले. खाट आली, म्हातारा आला. खांबरावांनी आयुष्यात प्रथमच डावीकडे पाहिलं.

डावीकडे भिंत होती. भिंतीवर खिळा होता. खिळ्याला काही टांगलेलं नव्हतं.

बाई नंतर येत असेल, म्हणून त्यांनी वाट पाहिली. म्हातारा खोकला. बाई आली नाही. त्यांनी चष्मा पुसला, तेव्हा खिळा जास्त स्पष्ट दिसू लागला. सवयीने ते उजवीकडे झुकले. तिथे आता एका मासिकाच्या समीक्षक बाई होत्या, अनुभवाच्या जोरावर डोळे उघडे ठेवून झोपणाऱ्या. त्यांना हळूच विचारलं, बाई दिसतेय का?

"श्श," मासिकवाल्या बाई डोळे न हलवता म्हणाल्या. "काय उभी आहे."

सिनेमा संपेपर्यंत भिंत भिंतच राहिली. दिवे लागले तेव्हा अध्यक्ष डोळे टिपत होते. दर वेळी ती नवीच वाटते हो, असं ते म्हणाले, आणि आज तिच्या पदराकडे आपलं प्रथमच लक्ष गेलं, अशी त्यांनी पुस्तीही जोडली.

चहाच्या वेळी सिनेमाच्या दिग्दर्शकाने खांबरावांना जिन्याखाली गाठलं. फिरता चषक परत करायला तो आला होता आणि चषक कापडी पिशवीतून आणला होता. इकडे तिकडे बघून त्याने विचारलं, "सर, रागावणार नसाल तर एक विचारू? ती बाई कुठल्या सीनमध्ये आहे?"

खांबरावांनी कप बशीत ठेवला. दिग्दर्शकानेच मग मन मोकळं केलं. परीक्षण वाचल्यावर त्याने सगळा सिनेमा कितीदा तरी तपासला होता. एडिटरने परस्पर बाई घातली, या संशयाने त्याच्याशी कडाक्याचं भांडण झालं होतं. एडिटरचं म्हणणं, पुरस्कार मिळतोय ना, मग गप्प बस. दिग्दर्शक गप्प बसला होता. एवढंच नाही, त्या नटीला पुढच्या सिनेमात घेऊन त्याने कडेला उभीही केली होती.

"पेला दिलाय," तो म्हणाला. "पण या वेळी रिकामा ठेवलाय. जरा पुढे जायला हवं ना, सर."

खांबरावांनी कोपऱ्यात जाऊन घरी फोन लावला. साप्ताहिकने आपल्याला फसवलं, हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना चहा गिळवेना. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग बक्षीस कशाचं देतायत?

"माझ्या दृष्टीचं."

मग ती म्हणाली, "घरात काय चाललंय ते तुम्हाला इतकी वर्षं दिसत नव्हतं ते यामुळेच होय. शेजारी बसून सांगणारं कोणी नव्हतं." आणि येताना बाथरूमचा बल्ब आणायला सांगून तिने फोन ठेवला.

दुपारी साप्ताहिकची बायको आली. संध्याकाळी मंचावर तिच्या हाती स्मृतिचिन्ह द्यायचं ठरलं होतं. आतल्या जागा सभासदांच्या होत्या आणि सभासदाच्या विधवेने कुठे बसावं याबद्दल घटनेत काही नव्हतं. त्यामुळे ती जिन्याच्या चौकात, पर्स दंडाला अडकवून उभी होती. खांबरावांना हे दृश्य नवं नव्हतं. गेली दोनेक वर्षं ती नवऱ्याला सोडायला यायची आणि सिनेमा संपेपर्यंत इथेच थांबायची. फार जपते नवऱ्याला, असं त्यांना वाटायचं. त्यापुढे त्यांनी विचार केला नव्हता.

"मला कुठे बसायचं ते कोणी सांगितलं नाही, भावजी. म्हणून म्हटलं इथेच बरं."

आहे अजून वेळ, असं काहीतरी खांबराव पुटपुटले. खरं तर ते तिला जाब विचारायला आले होते, पण गेलेल्या माणसाचा जाब त्याच्या बायकोला कसा विचारायचा, ते सुचेना. शेवटी त्यांनी आडून सुरुवात केली.

"वहिनी, साप्ताहिकचे डोळे कसे होते?"

"डोळे छान होते," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, डोळ्यांचा दोष नाही, मेंदूने डावी बाजू सोडून दिलीय. तो झटका आला होता ना त्यांना. तुम्हाला पोट बिघडलं म्हणून सांगितलं होतं, तेव्हा."

खांबरावांना आठवलं. पोट बिघडून साप्ताहिक पंधरवडाभर आला नव्हता, आणि आपण त्याला ताक पी म्हणालो होतो.

ती सांगत गेली. रडली नाही. जेवताना ते ताटातलं उजवीकडचं तेवढं खायचे आणि आज कमी वाढलंस म्हणून कुरकुरायचे. ती ताट फिरवून द्यायची, की खूश होऊन परत जेवायचे. दाढी अर्धीच करायचे आणि झाली म्हणायचे. उरलेली ती करून द्यायची, निदान संघात यायच्या दिवशी तरी, कारण संघाला कळलं असतं तर खुर्ची गेली असती. आणि डावीकडचं दिसत नाही हे त्यांना स्वतःला कधी पटलंच नाही. तिथे काय आहे असं कोणी विचारलं, किंवा नाही विचारलं तरी, ते जे सुचेल ते सांगायचे. थापा नव्हेत. त्यांना खरंच तसं वाटायचं.

"खाटेची उजवी बाजू भिंतीला लागलेली," ती म्हणाली. "मग मी डावीकडूनच जाणार ना. गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन उभी राहायचे. त्यांना दिसायचीच नाही. मी हाक मारली की भिंतीकडे बघायचे आणि म्हणायचे, इथे कोणीतरी उभं आहे. मी म्हणायचे, अहो, मीच. तर म्हणायचे, मी म्हणजे कोण?" ती जराशी हसली. "त्यांची मान वळेपर्यंत थांबायचं. त्या बाजूला पेला ठेवायला टेबलसुद्धा नव्हतं, भावजी."

खांबराव जिन्याचा कठडा धरून उभे होते.

"तुम्ही माझं ते परीक्षण वाचलंत का? गेल्या वर्षीचं?"

"सिनेमाचं नाही हो मी वाचत. आणि तुमचं फार बारीक छापतात." मग जरा थांबून तिने विचारलं, "तुमच्याशी बोलायचे का ते सिनेमा बघताना? घरी कधी चकार शब्द काढला नाही सिनेमाचा."

बोलायचा की, खांबराव म्हणाले.

समारंभ संध्याकाळचा म्हणून जाहीर झाला होता, पण दिवसाउजेडीच सुरू करावा लागला, कारण तळघर संध्याकाळी विमा कंपनीच्या योगवर्गाला लागायचं. मंच लहान आणि त्यावर माणसं फार. आधी स्मृतिचिन्ह उरकलं. अध्यक्षांनी साप्ताहिकच्या चौफेर नजरेचा गौरव केला. पितळी प्रोजेक्टरची एक जड प्रतिकृती तिच्या हातात दिली आणि ते माइककडे वळले. खाली उतर असं तिला कोणी म्हटलं नाही. मंचावर तिच्यासाठी खुर्चीही नव्हती. ती प्रोजेक्टर पोटाशी धरून मंचाच्या कडेला थांबली.

मग खांबरावांचं नाव पुकारलं गेलं, पाळण्यातलं. ते पटकन कोणी ओळखलं नाही, म्हणून टाळ्या जरा उशिरा आल्या. अध्यक्षांनी सन्मान दिला, मिठी मारली आणि पेला घेतलेल्या त्या बाईने आपल्या सगळ्यांना बघायला शिकवलं, असं माइकवर सांगितलं.

खांबराव माइकसमोर उभे राहिले. खिशात तयार भाषण होतं, त्यात कडेच्या सौंदर्याबद्दल बरंच काही होतं. ते वाचलं असतं तर सन्मान घरी आला असता, खुर्ची राहिली असती, साप्ताहिकचं नाव राहिलं असतं. त्यांनी कडेला पाहिलं. तिने पितळी ओझं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"ती बाई त्या सिनेमात नाही," खांबराव म्हणाले.

मासिकवाल्या बाईंनी पापणी हलवली.

"मला खांबामुळे दिसत नव्हतं. साप्ताहिक सांगायचा. त्यालाही दिसत नव्हतं. सिनेमात तिथे भिंत आहे आणि एक खिळा आहे. ती बाई त्याच्या घरात होती. ती आता इथे उभी आहे." आणि त्यांनी हात करून दाखवलं.

वहिनींनी मागे वळून पाहिलं, कोण उभं आहे ते.

सभागृहात मात्र कोणीच तिकडे पाहिलं नाही. सगळे खांबरावांकडे बघत होते. आधी मासिकवाल्या बाई उठल्या, मग पहिली रांग उठली, मग सगळेच. टाळ्या थांबेनात. दिग्दर्शक पिशवीसकट उभा राहून टाळ्या वाजवत होता. अध्यक्षांनी माइक ओढून घेतला. "नाहीच ती," ते म्हणाले. "आणि म्हणून ती आहे. मित्रहो, भिंत. खिळा. आपण सगळे तिथे बाई बघत बसलो." खांबराव म्हणाले, अहो, मी खरंच सांगतोय. अध्यक्ष म्हणाले, खरंच तर सांगताय. आणि त्यांना आणखी एक मिठी मारली. 'दृष्टी सन्मान' यापुढे दर वर्षी खांबरावांच्याच हस्ते द्यायचा, हे तिथल्या तिथे ठरलं.

फोटोसाठी सगळ्यांना जवळजवळ उभं केलं. फोटोग्राफर कॅमेऱ्यातून बघत होता. त्याने डावा हात हलवून खुणावलं.

"बाई, तुम्ही फ्रेममध्ये येताय. जरा बाजूला."

ती ओशाळली, चुकलं म्हणाली आणि बाजूला झाली. अजून थोडं, तो म्हणाला. ती अजून थोडी झाली. मंच तिथे संपत होता, म्हणून तिने अंग चोरून घेतलं. हां, आता ठीक.

खांबराव तोंड उघडणार होते. तेवढ्यात फोटो निघाला.

दुसऱ्या दिवशी तो दैनिकात पहिल्या पानावर आला. बायकोने चष्मा लावून तो नीट बघितला आणि बल्ब विसरलात त्याबद्दल काही बोलली नाही. अध्यक्ष, मासिकवाल्या बाई, चषक घेतलेला दिग्दर्शक, सगळे समोर बघून हसत होते. खांबराव तेवढे कडेला बघत होते, आणि तिथे फोटो संपला होता.